सुजा, तो कपडा लग्नाचा होता

सुजा, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं दोन दारांनी आली आणि दोन दारांनीच गेली. आपल्या दिंडोशीच्या कॉलनीतली माणसं विहाराच्या पुढच्या दाराने आली, चपला काढून सतरंजीवर बसली. तुझी अंधेरीची माणसं गाडी लावायला जागा मिळाली त्या बाजूने, मागच्या दाराने आली आणि खुर्च्या शोधत राहिली. पांढरे कपडे दोन्हीकडच्यांनी घातले होते. फरक एवढाच, की आमच्या बायका त्याच पांढऱ्या साड्या नेसून पुढच्या महिन्यात लग्नाला जातील, आणि तुझ्या माणसांना हे कुणी कधी सांगितलेलंच नाही. ते तू सांगायचं होतंस. तुझं काम होतं ते. आता नेहमीसारखं माझ्यावर टाकून गेलीस.

पेपरांत तुझ्यावर आलेलं सगळं मी वाचलं. शिवणीची जादाची पट्टी शिंपी आत दडवतात, ती तू कपड्याच्या बाहेर काढलीस, हे सगळ्यांनी लिहिलंय. तुझा कपडा तंग झाला तर टाकून द्यायचा नाही, घरच्या घरी एक दोरा ओढून सैल करायचा, हेही लिहिलंय. फॅशनवाले कसे थक्क झाले, कुठल्या कुठल्या देशांतून बोलावणी आली, सगळं आहे. आणि हे तुला सुचलं कुठे? तर मढच्या बंगल्यात, लहानपणी, समुद्राकडे बघता बघता. म्हणजे तूच तसं सांगत आलीस.

मढच्या त्या शूटिंगच्या बंगल्यात आपण आयुष्यात एकच दिवस गेलो होतो, सुजा.

बाबा मालिकांच्या सेटवर ड्रेसदादा होते. कपड्यांना इस्त्री करायची, हुक-बटणं लावायची, जाड्या नटाचा कोट बारीक नटाच्या अंगावर बसवायचा, हे त्यांचं काम. त्या दिवशी आईला ताप होता म्हणून त्यांनी आपल्या दोघींना बरोबर नेलं. बंगल्याच्या आत आपल्याला कुणी घेतलं नाही. मागच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली कपड्यांच्या पेटाऱ्यावर आपण बसलो होतो. समुद्र दिसतच नव्हता, मध्ये भिंत होती. वाळत घातलेल्या मासळीचा वास तेवढा येत होता आणि तू नाक धरून बसली होतीस. दुपारी बाबा एक जरीचा कोट घेऊन आले, त्याची शिवण उलटून दाखवली आणि म्हणाले, "ही बघा मार्जिन. ही कधी कापायची नाही. आज हा कोट राजाच्या अंगावर, उद्या त्याच्या नोकराच्या. माणूस बदलतं, कापड तेच." मग कच्चा टाका कसा घालायचा ते शिकवलं, एका झटक्यात ओढून काढता येईल असा. मला कंटाळा आला. तू मात्र संध्याकाळपर्यंत तोच टाका घालत आणि उसवत होतीस.

तुझी विद्या तिथली आहे. बंगल्याच्या मागची.

मला म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरी लागली, पेशंटचं रक्त काढायची. तू दिवसा मालाडच्या एका दुकानात ब्लाउज आत-बाहेर करून द्यायचीस आणि संध्याकाळी अंधेरीला फॅशनच्या डिप्लोम्याच्या क्लासला जायचीस. दोन्ही पोरींच्या हातांत सुई म्हणून आईला कोण कौतुक. मग माझं लग्न ठरलं. आईने मालाडच्या बाजारातून पांढरी रेशमी साडी आणली. मी साडी नेसले की पहिल्याच पायरीवर अडखळते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तू ती साडी पसरलीस आणि तिच्यात कात्री घातलीस. आई मटकन खालीच बसली.

काय केलं होतंस तू त्या साडीचं! वर अंगाबरोबर बसणारा ब्लाउज, खाली शिवलेल्या निऱ्या, पदर खांद्याला जोडलेला, सगळं एकसंध, झग्यासारखं डोक्यावरून घालायचं. आणि सगळ्या शिवणींच्या पट्ट्या बाहेर, निळ्या दोऱ्याने टाके घातलेल्या. जयंतीला तू कॉलनीसाठी पताका शिवल्या होत्यास, त्यातलं उरलेलं रीळ होतं ते. विहारात लग्न लागायच्या आधी मावशी धावत आली, "अगं बाई, नवरीनं उलटं घातलंय! सांगा कुणीतरी पोरीला!" आणि तू तोंडात टाचण्या धरूनच म्हणालीस, "मावशी, सुलटच आहे ते. मार्जिन लपवायची कशाला? कपडा मोठा होऊ शकतो, हे कळू दे की लोकांना."

आणि खिसा. नवरीच्या कपड्याला खिसा मी तोवर पाहिला नव्हता. त्यात हात घातला तर लिमलेटच्या गोळ्या. "विहारात वंदना लांबली की तुला चक्कर येते, माहितेय मला," तू म्हणालीस. मग माझ्या कमरेशी तो मोकळा सोडलेला दोरा दाखवलास. "ताई, तू जाड हो, म्हातारी हो, काय व्हायचं ते हो. हा ओढायचा नि पुन्हा टाका घालायचा. मरेपर्यंत पुरेल तुला." त्या दिवसाइतकी सुंदर मी आधी कधी दिसले नव्हते आणि नंतरही नाही. ते तुझ्यामुळे होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

म्हणून तर तू "ताई, दोन दिवस दे ना, एका शोला दाखवते नि आणून देते" म्हणालीस तेव्हा मी तो कपडा पिशवीत घालून तुझ्या हातात दिला. विचारसुद्धा केला नाही.

शो झाला. तुझं नाव झालं. माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, ऑफिसमधून येताना पेपर आणला, आतल्या पानावर मोठा फोटो. एक उंच, रोड मुलगी माझा लग्नाचा कपडा घालून चालत होती. खाली छापलं होतं, विधवेच्या पांढऱ्या वस्त्राला या तरुणीने नवा अर्थ दिला. प्रकाश चहा पीत होता. तो म्हणाला, "म्हणजे मी गेलो की काय गं? मला कुणी कळवलंच नाही." आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मी तुला फोन लावला.

"सांगितलंस का त्यांना?"

"काय?"

"लग्नाचा आहे म्हणून. माझ्या."

"ताई, तिथं असं मध्येच सांगता येत नाही गं."

"का? जीभ नव्हती तोंडात?"

"अगं, लग्नात पांढरं कोण नेसतं, हे विचारलं असतं. मग गाव कुठलं. मग आडनाव. कपडा राहिला असता बाजूला नि माझीच मापं काढत बसले असते. तुला नाही कळणार ते."

"मला नाही कळणार? मी काय दुसऱ्या घरात जन्मले?"

"तुझं वेगळं आहे यार. तू लॅबमध्ये आहेस. तिथं रक्ताच्या नळीवर नुसता नंबर असतो."

"डबा खाताना विचारतात, सुजा. मी सांगते. आणि जेवते."

मग मी ते बोलले, जे तू नंतर मला कधी माफ केलं नाहीस. "कपड्याची मार्जिन बाहेर काढलीस आणि आम्हाला आत दुमडलंस." तू फोन ठेवलास. मला आजही त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

त्यानंतर सगळं तसंच होत गेलं. कपड्यांच्या लेबलवर नुसतं सुजाता, आडनाव नाही. पताकांचा निळा दोरा मुलाखतींमधून मढच्या समुद्राचा निळा झाला. विधवेचं पांढरं तर तुझी ओळखच झाली, दर वर्षी त्यावर काहीतरी नवीन काढायचीस. कपडे झकास असायचे, हे मी नाकारत नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तुझा अंगरखा घालून यायच्या आणि बाळंतपणात तोच सैल करून वापरायच्या. मी त्यांच्या शेजारी उभी असायचे. माझी बहीण आहे असं एकदा बोलले, तर त्या हसल्या. त्यांना गंमत वाटली.

मी बाबांकडे तक्रार केली होती. ते तेव्हा रिटायर होऊन घरी होते, मोबाइलवर तुझे शो बघायचे, डोळ्यांजवळ धरून. मी म्हटलं, "तुम्ही शिकवलेलं दाखवते आणि तुमचं नावसुद्धा घेत नाही." ते म्हणाले, "ड्रेसदादाचं नाव पडद्यावर शेवटी येतं गं. तोवर लोक उठलेले असतात." एवढं बोलून पुन्हा तुझा शो बघायला लागले. त्यांना राग आलाच नाही. त्यांच्या वाटचा रागही मीच केला. ते गेले तेव्हा तू परदेशात होतीस, आणि त्यांचं नाव पडद्यावर काही आलं नाही.

कपडा मी किती वेळा मागितला! लाडाने मागितला, भांडून मागितला, आईकडून निरोप धाडला. शेवटी तू म्हणालीस, "ताई, तो आता फक्त तुझा राहिला नाही." हे वाक्य तू कुठल्या तरी कार्यक्रमात आधी म्हणून बघितलं असशील, अशा सुरात म्हणालीस. मग तो परदेशातल्या कसल्याशा प्रदर्शनात गेला. काचेच्या कपाटात, डोकं नसलेल्या बाहुलीच्या अंगावर. मला कुणीतरी फोटो पाठवला. माझ्या लग्नाच्या फोटोत तो कपडा आहे, मी आहे, मागे तू टाचण्या घेऊन उभी आहेस. तो फोटो मी उत्तरादाखल पाठवणार होते. मग म्हटलं, जाऊ दे.

आईच्या पुण्यानुमोदनाला मात्र तू आलीस. हॉलच्या दारात उभी राहिलीस, मला वरपासून खालपर्यंत बघितलंस, डोळे बारीक करून. इतक्या दिवसांनी भेटत होतो आपण, आई जाऊन आठवडा झाला नव्हता. वाटलं, गळ्यात पडेल. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, कंबरेत बरीच वाढलीस गं." मावशीची सून पदर तोंडाला लावून हसली. मी म्हटलं, "तुझ्याकडे कपडा मागायला नाही आलेय, घाबरू नकोस." तू थोडा वेळ बसलीस, दान दिलंस, गाडीत बसून गेलीस. ते आपलं शेवटचं बोलणं. दिवाळीला, वाढदिवसाला मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवली असतील एकमेकींना, तेवढीच.

तुला काय झालं होतं, कधीपासून होतं, कुणाला कळवू दिलं नाहीस. मी लॅबमध्ये काम करते, सुजा. तुझं रक्त दुसऱ्याच कुणीतरी काढलं. हे मला फार लागलं. मी काढलं असतं तर तुला कळलंही नसतं, इतका माझा हात हलका आहे. सगळं हॉस्पिटल सांगेल.

तू गेलीस त्या सकाळी रुबीनाचा फोन आला, तुझं वर्कशॉप सांभाळणारी. मी आणि प्रकाश अंधेरीला पोचेपर्यंत तुझ्या वर्कशॉपमधल्या मुलींनी तुला आंघोळ घालून, तयार करून ठेवलं होतं. आणि अंगावर काय होतं, तर तो. माझा. रुबीना रडत रडत सांगत होती, "ताई, मॅडमला हाच घातला. याला कुणाला हात नाही लावू द्यायच्या. एवढा जीव होता त्यांचा यात. आणि पांढरा पण आहे ना, म्हणून."

तू मरून पडली होतीस आणि मला तुझा भयंकर राग आला. एवढ्या वर्षांनी तो कपडा माझ्या समोर आला, आणि कुठे चालला होता, तर जळायला! काढा म्हटलं असतं तर त्या पोरींनी काढला असता. मी तोंड उघडलंसुद्धा.

मग मला दिसलं की तो तुला होत नव्हता. खांद्यावरून घसरत होता, कमरेशी तर नुसता गोळा झाला होता. मी विचारलं, "एवढी वाळली होती?"

"वाळल्या होत्याच. पण हा त्यांच्या मापाचा नाहीच ना, ताई."

मी जवळ गेले. रेशमावर टाका उसवला की सुईची भोकं राहतात. तुझ्या कुशीपाशी कपड्यावर भोकांच्या रांगा होत्या, एकीच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी. शेवटच्या रांगेत निळा दोरा नवाकोरा होता.

रुबीना म्हणाली, "मध्ये मध्ये मॅडम स्वतःच काढून बसायच्या. उसवायच्या, मोठा करायच्या, परत ठेवून द्यायच्या. मागल्या वेळी आईच्या कार्यक्रमावरून आल्या ना, तेव्हा चप्पल पण नाही काढली, सरळ टेबलावर घेतला. कंबरेत सोडला. मी विचारलं, कोणासाठी? म्हणाल्या, गिऱ्हाईक आहे. रागावलंय. येईल न्यायला."

मी तिथल्या स्टुलावर बसले. म्हणजे दारात उभी राहून तू माझं माप घेत होतीस. टेप न लावता, बाबांसारखं, नुसत्या नजरेने. आणि मी तो टोमणा समजून उराशी धरून बसले होते.

पण म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. गिऱ्हाईक येईल न्यायला? गिऱ्हाईक मागून मागून थकलं होतं! तो कपडा तू पेटीत घालून, विमा उतरवून समुद्रापार पाठवलास आणि परत आणलास. अंधेरीहून दिंडोशीला नाही पाठवलास. रिक्षाने यायचं, दार वाजवायचं, "घे तुझा कपडा" म्हणायचं. मी शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. एवढंही तुला जमलं नाही. जगातल्या कुठल्याही बाईच्या अंगावर कपडा बसवणारी तू, आणि आपल्या बहिणीच्या दारात उभं राहायची तुझी हिंमत झाली नाही.

तुला न्यायला खाली गाडी येऊन थांबली होती. मी रुबीनाला म्हटलं, "सुई दे. आणि निळा दोरा." तिने तुला कुशीवर कलतं धरलं. ढगळ कपड्यात तू कधी कुणाला बाहेर पाठवलं नाहीस, मग तुला तरी कशी पाठवणार? बाबांनी पेटाऱ्यावर बसून शिकवलेला कच्चा टाका मला येतो की नाही, याची मलाच खात्री नव्हती. आला. कंटाळा करूनही आला. मेलेल्या माणसाला सुई टोचत नाही, हे मला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी मी सुईचं टोक तुझ्या अंगापासून लांब धरलं होतं. आणि रोज पेशंटला म्हणते तेच तोंडातून निघून गेलं, "जरासं टोचेल हं." रुबीनाने माझ्याकडे बघितलं. मी टाके घालत राहिले. माझ्या मापाचा कपडा तुझ्या मापाचा झाला. शेवटी मी त्या खिशात हात घातला. काय मिळेल असं वाटलं होतं, कोण जाणे. रिकामा होता.

स्मशानाच्या दारात एका बाईने माझ्यापुढे माइक धरला. विचारत होती, आपल्या प्रसिद्ध विधवावस्त्रातच जायची त्यांची इच्छा होती का. मी म्हटलं, "विधवेचा नाही तो. लग्नाचा आहे, माझ्या. आमच्यात नवरी पांढरंच नेसते. मी तिची मोठी बहीण. आमचे वडील ड्रेसदादा होते. आम्ही दिंडोशीचे." आडनावही सांगितलं, नीट, एक एक अक्षर. ती "थँक यू" म्हणाली आणि दुसऱ्या कुणाकडे वळली. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की विधवेच्या शुभ्र वस्त्राला प्रतिष्ठा देणारी ही कलावंत त्याच वस्त्रात अनंतात विलीन झाली. प्रकाशने या वेळी गंमत केली नाही. पेपरची घडी घालून बाजूला ठेवला.

आता एकच सांगायचं राहिलं. टाके घालून झाल्यावर रुबीनाने कात्री पुढे केली होती. दोन्ही बाजूंना चार चार बोटं कापड उरलं होतं, ते कापून टाकलं असतं तर अंगाबरोबर छान बसला असता. मी म्हटलं, नको. ती पट्टी मी तुझ्यासारखी बाहेर घेतली, दुमडली, टाके घातले आणि कमरेशी दोरा मोकळा सोडला, पुढे कधी सैल करावा लागला तर ओढता यावा म्हणून. खाली गाडी उभी होती, कपडा कुठे चाललाय ते मला माहीत होतं, तरी केलं. जळणाऱ्या कपड्याला मार्जिन कशाला, असं तू विचारशील.

मला तो परत हवाय, सुजा. अजूनही.